कॅटनिसच्या मनातलं कॅमेऱ्याला कसं दिसणार?

सोळा वर्षांची एक मुलगी सकाळी जागी होते, अंथरुणात हात फिरवते आणि शेजारी झोपलेली धाकटी बहीण उठून गेल्याचं तिला कळतं. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी इथून सुरू होते आणि शेवटच्या पानापर्यंत आपण या मुलीच्या, कॅटनिस एव्हरडीनच्या, डोक्याबाहेर पडत नाही. निवेदन प्रथमपुरुषी आहे आणि तेही वर्तमानकाळात. तिला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नसतं. ती उद्या जिवंत असेल की नाही याची खात्री तिला नाही, तशी आपल्यालाही नाही. सप्टेंबर २००८ मध्ये हे पुस्तक आलं, पुढच्या दोन वर्षांत ‘कॅचिंग फायर’ आणि ‘मॉकिंगजे’ आले, आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही काळोख्या भविष्याची कथा जगभर वाचली गेली. सिनेमावाल्यांना ती हवीशी वाटणं साहजिकच होतं. पण मनातल्या आवाजावर उभ्या असलेल्या गोष्टीचा सिनेमा कसा करायचा, याचं उत्तर कुणाकडेही तयार नव्हतं.

कथा थोडक्यात अशी. पॅनेम नावाचा देश आहे. त्याची श्रीमंत राजधानी म्हणजे कॅपिटल, आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांचे एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडले जातात. ही चोवीस मुलं एका रिंगणात सोडली जातात आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं असतं. हे सगळं दूरचित्रवाणीवर थेट दाखवलं जातं आणि बघणं सक्तीचं असतं. घरात धान्य नसेल तर मुलं आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकून त्या बदल्यात वर्षभराचं धान्य आणि तेल घेऊ शकतात. म्हणून कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत आणि तिचा मित्र गेल याच्या बेचाळीस. गरिबाच्या पोराचं मरण असं हिशेबानं जवळ येतं. चिठ्ठी निघते ती मात्र धाकट्या बहिणीच्या, प्रिमच्या नावाची. तिच्या जागी कॅटनिस स्वतः जाते, आणि मुलांमधून निवडला जातो बेकरीवाल्याचा मुलगा पीटा.

कॉलिन्स यांनी आधी बरीच वर्षं लहान मुलांच्या टीव्ही मालिकांसाठी लेखन केलं होतं. एका रात्री चॅनेल बदलत असताना एकीकडे स्पर्धेचा रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं त्यांना दिसली. थकलेल्या डोळ्यांपुढे दोन्ही एकमेकांत मिसळू लागली आणि तिथून ही कथा सुचली, असं त्यांनी सांगितलं आहे. त्यांचे वडील हवाई दलात होते आणि व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते, त्यामुळे युद्ध त्यांना घरातूनच माहीत होतं. म्हणजे या कादंबरीचा विषयच ‘बघणं’ हा आहे. मुलांचं मरण करमणूक म्हणून बघणारा समाज कसा तयार होतो, हे ती सांगते. आणि ते सांगताना वाचकाला प्रेक्षकांच्या खुर्चीत बसू देत नाही. रिंगणात काय चाललंय हे आपल्याला दुरून, वरून कधीच दिसत नाही. आपण झाडावर पट्ट्यानं स्वतःला बांधून घेतलेल्या कॅटनिसबरोबर असतो, तहानेनं घसा कोरडा पडलेला असतो.

सिनेमाचं काम नेमकं उलटं. तो आपल्याला खुर्चीत बसवतो, दिवे मालवतो आणि समोर मुलांची मारामारी दाखवतो. म्हणजे काही न ठरवता हा सिनेमा केला असता, तर तिकीट काढून आलेला प्रत्येक जण कॅपिटलचा नागरिक झाला असता. ही मालिका पडद्यावर आणताना घेतलेले बहुतेक चांगले निर्णय हा धोका ओळखून घेतलेले आहेत, आणि जिथं ती घसरली तिथं हा धोका विसरला गेला होता, असं मला वाटतं.

निर्माती नीना जेकबसन यांच्या ‘कलर फोर्स’ कंपनीनं २००९ मध्ये हक्क घेतले. जेकबसन आधी डिस्नेमध्ये मोठ्या पदावर होत्या. ज्या हिंसेवर हे पुस्तक टीका करतं, ती हिंसाच चविष्ट करून विकणाऱ्या कुणाच्या हाती ते पडू नये, अशी त्यांची धडपड होती. पैसा आणि वितरण ‘लायन्सगेट’चं. हा स्टुडिओ तेव्हा हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांत मोडत नव्हता आणि ‘सॉ’सारख्या रक्तबंबाळ भयपटांसाठी जास्त ओळखला जायचा. दिग्दर्शक ठरले गॅरी रॉस. पटकथेवर रॉस, बिली रे आणि स्वतः कॉलिन्स अशी तीन नावं आहेत. लेखिका पटकथेत सहभागी असणं ही नुसती शोभेची गोष्ट नव्हती, हे पुढच्या बदलांवरून कळतं.

कॅटनिसच्या भूमिकेसाठी मार्च २०११ मध्ये जेनिफर लॉरेन्सची निवड झाली. ती तेव्हा वीस वर्षांची होती. ‘विंटर्स बोन’ या छोट्या चित्रपटात डोंगराळ भागातल्या गरीब घरातली, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी तिनं साकारली होती आणि त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. ती वयानं मोठी दिसते, गोरी आहे, पुस्तकातली कॅटनिस सावळसर वर्णाची आहे, अशी टीका झाली. कॉलिन्स यांनी तिची जाहीर पाठराखण केली. वर्णाचा प्रश्न मात्र तिथं संपला नाही. सिनेमा आल्यावर अकराव्या जिल्ह्यातून खेळात आलेल्या चिमुरड्या रू हिच्या भूमिकेत कृष्णवर्णीय अमांडला स्टेनबर्गला पाहून काही चाहत्यांनी ट्विटरवर संताप व्यक्त केला. वास्तविक पुस्तकात रूची कांती गडद तपकिरी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचताना त्यांनी ते शब्द ओलांडून आपल्या मनातलीच मुलगी पाहिली होती. पुस्तक वाचकाला तेवढी मोकळीक देतं. पडद्यावर चेहरा ठरलेला असतो, आणि त्या ठरलेल्या चेहऱ्यानं काही वाचकांच्या मनातलं उघडं पाडलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मनातलं बोलणं पडद्यावर आणायचा सोपा मार्ग म्हणजे पार्श्वनिवेदन. रॉस यांनी तो घेतला नाही. सिनेमात कॅटनिसचं निवेदन नाही. त्याऐवजी त्यांनी कॅमेरा खांद्यावर घ्यायला लावला. छायालेखक टॉम स्टर्न यांची चौकट सतत हलते, कॅटनिसच्या मानेमागून बघते, अर्धवट काहीतरी पकडते आणि सोडते. बाराव्या जिल्ह्यातल्या चिठ्ठीच्या दिवसाची दृश्यं पाहा. उत्तर कॅरोलिनातल्या हेन्री रिव्हर या ओस पडलेल्या गिरणीगावात बाराव्या जिल्ह्याची वस्ती उभी केली होती. धुतलेले पण विटलेले कपडे घातलेली मुलं रांगेनं चालली आहेत, रक्ताचा थेंब घेऊन नोंदणी होते आहे, आणि कॅमेरा कुठंही स्थिर होत नाही. थिएटरात काही जणांना गरगरलं, तशा तक्रारीही झाल्या. तरी या गरगरण्यामुळेच आपल्याला सगळं दिसणारी, सुरक्षित जागा मिळत नाही.

रिंगणातला पहिला क्षण तर बारकाईनं पाहण्यासारखा आहे. मुलं गोलाकार उभी आहेत, मध्ये शस्त्रांचा ढीग आहे, उलटी मोजणी संपते आणि कत्तल सुरू होते. इतर कुठल्याही चित्रपटात इथं ढोल वाजले असते, तलवारींचे खणखणाट झाले असते. इथं आवाज जवळजवळ काढून घेतला आहे. मागे फक्त लॉरी स्पीगल यांचं १९७२ मधलं ‘सेडिमेंट’ हे इलेक्ट्रॉनिक संगीत घोंघावत राहतं. चित्रं इतक्या झरझर तुटतात की कोण कुणाला मारतंय ते नीट कळत नाही. एखादा हात दिसतो, पडणारं शरीर दिसतं आणि आपण पळू लागतो. मारामारीची मजा घ्यायला जो अवधी लागतो तो संकलनानं ठेवलेलाच नाही.

अर्थात यामागे व्यवहारही होता. हा चित्रपट ज्यांच्यासाठी होता ती मुलं बारा-तेरा वर्षांची होती. अमेरिकेत त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र हवं होतं आणि ते मिळालं. ब्रिटनमध्ये १२-ए मिळवण्यासाठी वितरकानं सात सेकंदांची काटछाट केली, काही ठिकाणी रक्त संगणकावर पुसलं. कॅमेऱ्याचं हे अवघडलेपण कलेतून आलं की सेन्सॉरच्या गणितातून, याचा वाद होतो. माझ्या मते दोन्ही कारणं खरी आहेत. पण गणितामुळे झालेलं नुकसानही मान्य करायला हवं. पुस्तकात शेवटी जे श्वापदांचे कळप येतात त्यांचे डोळे मेलेल्या मुलांचे असतात, आणि त्यांच्या तावडीत सापडलेल्या एका मुलाचा मृत्यू रात्रभर चालतो. कॅटनिसला तो ऐकत बसावं लागतं. सिनेमात ती फक्त मोठी कुत्री आहेत आणि तो मृत्यू मिनिटभरात उरकतो. पुस्तकात पीटाचा पाय कापावा लागतो, सिनेमात तो धडधाकट परततो. युद्ध शरीरावर काय खुणा ठेवतं, हे कॉलिन्स ज्या निष्ठुरपणे लिहितात त्यातलं बरंच इथं गळलं.

आणखी एक गोष्ट गळली, ती म्हणजे भूक. पुस्तकाच्या नावातच ती आहे. वडील खाणीत मरण पावल्यावर आई खचते, अकरा वर्षांची कॅटनिस पावसात बेकरीमागचे डबे धुंडाळते, आणि पीटा मुद्दाम पाव करपवून, आईचा मार खाऊन, तो तिच्याकडे फेकतो. पुस्तकात हा प्रसंग कॅटनिसच्या मनात पुन्हा पुन्हा येतो, कारण त्या पावाचं ऋण तिला डाचतं. सिनेमात तो तुकड्या-तुकड्यांत, आठवणीच्या झटक्यांत येऊन जातो. बघणाऱ्याला प्रेमाची सुरुवात दिसते, पण कर्जाची भावना पोहोचत नाही. रिंगणात पीटाबरोबरच्या गुहेतल्या प्रसंगातही हेच होतं. पुस्तकात कॅटनिस प्रत्येक चुंबनाचा हिशेब करते. आपण प्रेमात आहोत असं कॅमेऱ्याला दिसलं, की बाहेरून हेमिच, तिच्या जिल्ह्याचा आधीचा विजेता आणि तिचा मार्गदर्शक, अन्न पाठवतो, हे ती ओळखते आणि न बोलता त्याच्याशी वाटाघाट करते. सिनेमात हेमिचला आपण पाठवलेल्या वस्तूंसोबत चिठ्ठी लिहून द्यावी लागते, कारण कॅटनिसच्या डोक्यातला हिशेब आपल्याला ऐकू येत नाही.

जे गेलं त्याच्या बदल्यात काय मिळालं, तेही मोलाचं आहे. सिनेमा सुरू होतो तो कॅटनिसपासून नव्हेच. पहिला प्रसंग टीव्ही स्टुडिओतला आहे. निवेदक सीझर फ्लिकरमन खेळाचा मुख्य रचनाकार सेनेका क्रेनची मुलाखत घेतो आहे, आणि तिथून थेट दुःस्वप्नानं किंचाळणाऱ्या प्रिमवर चित्र तुटतं. कॅटनिसच्या डोक्याबाहेर पडल्यावर पटकथेला जे जग मोकळं झालं ते हे. रिंगणामागचं नियंत्रण दालन पुस्तकात नाही. सिनेमात ते पांढरं, शांत, कार्यालयासारखं आहे. तिथले लोक बटणं दाबून जंगलाला आग लावतात आणि पडद्यावर कुत्रं घडवतात. कुणीही क्रूरपणे हसत नाही, सगळे आपापलं काम नीट करत असतात. मला या सिनेमातलं सर्वांत भयंकर चित्र हेच वाटतं.

राष्ट्राध्यक्ष स्नो यांची जागाही अशीच वाढली. डोनाल्ड सदरलँड यांनी भूमिका स्वीकारल्यावर सत्तेविषयी आणि गुलाबांविषयी रॉस यांना सविस्तर पत्र लिहिलं, आणि त्यातून बागेतले प्रसंग पटकथेत आले. गुलाब छाटता छाटता स्नो क्रेनला समजावतात की लोकांना थोडी आशा द्यावी, ती फार वाढू देऊ नये. पुस्तकातली कॅटनिस हे कधीच ऐकू शकली नसती.

सगळ्यांत मोठा बदल रूच्या मृत्यूपाशी आहे. पुस्तकात कॅटनिस तिला फुलांनी झाकते, डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावते आणि रूच्या दिशेनं धरते. निरोप द्यायची ही तिच्या जिल्ह्याची जुनी पद्धत. नंतर रूच्या अकराव्या जिल्ह्याकडून तिला एक पाव येतो. गरिबांनी पैसे जमवून पाठवलेला तो पाव पुस्तकातला फार हळवा क्षण आहे. सिनेमात कॅटनिस उठून कॅमेऱ्याकडे बघते आणि ती तीन बोटं कॅमेऱ्यासमोर उभारते. पडद्यासमोर उभे असलेले अकराव्या जिल्ह्याचे लोक तीच खूण करतात, आणि मग दंगल पेटते. ही दंगलीची दृश्यं स्टीव्हन सोडरबर्ग यांनी रॉस यांच्या मदतीसाठी येऊन चित्रित केली होती. पाव गेला आणि उठाव आला. खासगी निरोपाची खूण सार्वजनिक झाली.

त्या खुणेचं पुढे काय झालं हे कुठल्याही पटकथाकाराच्या आवाक्याबाहेरचं होतं. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि रस्त्यावर लोक तीन बोटं उभारू लागले. लष्करी राजवटीनं अटकेची तंबी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, तिसरा चित्रपट प्रदर्शित होत होता त्याच आठवड्यात, खोन केन इथं पंतप्रधान प्रयुत चान-ओचा भाषण करत असताना पाच विद्यार्थ्यांनी समोर उभं राहून ही खूण केली आणि त्यांना ताब्यात घेतलं गेलं. बँकॉकमध्ये एका चित्रपटगृहानं खेळ रद्द केले. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही हीच तीन बोटं दिसली. मनातली वाक्यं मिरवणुकीत उचलून नेता येत नाहीत, हाताची खूण नेता येते. सिनेमानं या कथेला जे दिलं त्यात हे मी सर्वांत वर ठेवेन.

पहिला चित्रपट २३ मार्च २०१२ रोजी आला. सुमारे आठ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटानं जगभरात एकोणसत्तर कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. पुढच्या भागाच्या तयारीसाठी पुरेसा वेळ नाही म्हणून रॉस बाजूला झाले आणि फ्रान्सिस लॉरेन्स आले. नायिकेशी त्यांचं नातं नाही, आडनाव तेवढं सारखं. ‘कॅचिंग फायर’ची पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक सायमन बोफॉय, मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर मिळवलेले. आता कॅमेरा शांत झाला, चित्र भव्य झालं. रिंगणाचा भाग आयमॅक्स कॅमेऱ्यानं टिपला आहे. कॅटनिस काचेच्या नळीत उभी असताना तिच्या डोळ्यांदेखत तिच्या पोशाखकाराला, सिनाला, मारहाण होते, नळी वर सरकते, आणि ती उजेडात येत असताना आयमॅक्सच्या पडद्यावर चौकट वर-खाली उघडत जाते. आधीच्या क्षणाचा धक्का आणि समोरचं अफाट पाणी एकदम अंगावर येतात. रॉस यांनी आपल्याला भव्यता नाकारली होती. लॉरेन्स ती देतात, पण आधी तिची किंमत दाखवून. चारही मूळ चित्रपटांत हा सर्वांत उत्तम, आणि कमाईही त्याचीच सर्वाधिक, सुमारे साडेशहाऐंशी कोटी डॉलर.

नंतर घसरण आली ती हिशेबापायी. शेवटच्या ‘हॅरी पॉटर’चे दोन भाग झाले, ‘ट्वायलाइट’च्या शेवटाचेही झाले, म्हणून ‘मॉकिंगजे’चेही दोन भाग करायचं ठरलं. पहिला नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, दुसरा २०१५ मध्ये. कादंबरी एका श्वासात वाचण्यासारखी आहे: प्रचारयुद्ध, पीटाचा मानसिक छळ, बंडखोरांचीही वाढत जाणारी निष्ठुरता, आणि ज्या बहिणीसाठी सगळं सुरू झालं तिचा मृत्यू. मधेच वर्षभर थांबल्यावर हा ताण उतरतो. दोन्ही भागांची कमाई ‘कॅचिंग फायर’पेक्षा कमी झाली. दोन भाग केल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं फ्रान्सिस लॉरेन्स यांनीच २०२३ मध्ये सांगितलं. लायन्सगेटच्याच ‘डायव्हर्जंट’ मालिकेला तर याचा मोठा फटका बसला. शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग ठरले, त्यातला पहिला २०१६ मध्ये आपटला आणि दुसरा कधी झालाच नाही. तिकीट काढून तिसऱ्या भागापर्यंत आलेल्या मुलांना गोष्टीचा शेवट पडद्यावर पाहायला मिळाला नाही.

तरी ‘मॉकिंगजे’च्या पहिल्या भागात एक जागा आहे जिच्यासाठी मी तो पुन्हा पाहतो. बंडखोरांना कॅटनिसकडून प्रचारपट करून घ्यायचा आहे आणि स्टुडिओत ती अगदीच खोटी वाटते. मग नदीकाठी, कुणीतरी विनंती केली म्हणून, ती एक फाशीचं गाणं म्हणते. शब्द कॉलिन्स यांचे, चाल ‘द लुमिनिअर्स’ या बँडच्या दोघांची. जेनिफर लॉरेन्सचा आवाज तयारीचा नाही, जरा भरडा आहे. त्या एकट्या आवाजाखाली हळूहळू जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचा वाद्यमेळ येतो, मग समूहाचा आवाज, आणि चित्रात धरणाकडे चालत निघालेली माणसं दिसू लागतात. आपलं अंग शहारतं, आणि आपणही या क्षणी प्रचारपटच बघतो आहोत हेही कळतं. कॅटनिस मनात जे बोलली असती त्याचं काम इथं गाणं करतं.

याच दोन भागांचं चित्रीकरण सुरू असताना, फेब्रुवारी २०१४ मध्ये, बंडखोरांना मिळालेल्या प्लुटार्क या खेळाच्या रचनाकाराची भूमिका करणारे फिलिप सीमोर हॉफमन वारले. त्यांचं बहुतेक काम झालं होतं. उरलेल्या प्रसंगात संगणकानं त्यांना पुन्हा घडवून बोलतं करायचं दिग्दर्शकानं टाळलं. प्लुटार्कचा शेवटचा निरोप पत्र म्हणून लिहिला गेला आणि वुडी हॅरलसन यांचा हेमिच तो वाचून दाखवतो.

२०२३ मध्ये ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ आला. त्यात तरुण स्नोची कथा आहे, कादंबरी २०२० ची. या वेळी एकच चित्रपट केला, १५७ मिनिटांचा. रिंगण म्हणून पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहराचं शतकभर जुनं सेंटेनियल हॉल वापरलं. कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषी आहे, तरी आपण सतत स्नोच्या मनात असतो. खेळासाठी त्याच्याकडे सोपवलेल्या ल्यूसी ग्रे या मुलीविषयी त्याला वाटणाऱ्या ओढीत मालकी हक्क आहे, प्रत्येक उपकारात हिशेब आहे, हे वाचताना पदोपदी कळतं. पडद्यावर टॉम ब्लाइथचा देखणा, अडचणीत सापडलेला चेहरा दिसतो आणि ते विचार ऐकू येत नाहीत. त्यामुळे शेवटाजवळ तो जे करतो ते पुस्तकात अटळ वाटतं, सिनेमात अचानक. मनातला आवाज गेल्यानं कॅटनिसची चतुराई झाकली गेली होती, इथं एका माणसाचा दुष्टपणा झाकला गेला.

मार्च २०२५ मध्ये आलेली ‘सनराइज ऑन द रीपिंग’ ही कादंबरी पुन्हा प्रथमपुरुषी आहे. निवेदक आहे सोळा वर्षांचा हेमिच. त्याचे खेळ कॅटनिसनं ‘कॅचिंग फायर’मध्ये चित्रफितीवर पाहिले होते, आणि ती फीत किती कापलेली होती, काय काय लोकांपर्यंत पोहोचूच दिलं नाही, हेच या कादंबरीचं कथानक आहे. चित्रपट नोव्हेंबर २०२६ साठी ठरला आहे. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स, पटकथा पहिल्या चित्रपटावर काम केलेल्या बिली रे यांची. कॅपिटलनं दाखवलेले खेळ आणि हेमिचनं भोगलेले खेळ अशी दोन चित्रं त्यांना एकाच पडद्यावर मांडावी लागतील, आणि कोणतं कुणी बघितलं हे प्रेक्षकाला प्रत्येक वेळी कळायला हवं.